निवडून आलेली मुलगी शाळेला का झेपत नाही?

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवलं. आधी मराठी माध्यमात, नंतर उर्दू माध्यमाच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये. आता निवृत्त आहे. निवृत्तीनंतर माणूस धीट होतो म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. कारण ज्या बैठकीत बोलायला हवं होतं, त्या बैठकीत मी मान खाली घालून हजेरीपट चाळत बसले होते.

शाळेचं नाव लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ती आपलीच शाळा वाटेल, आणि तसं वाटलं तर फार चूक होणार नाही.

जुलै महिना होता. विद्यार्थी मंडळाची निवडणूक झाली, अगदी साग्रसंगीत. उमेदवारी अर्ज, चिन्हं, प्रचाराला दोन दिवस, मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाई. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, मथळ्यात ‘चिमुकल्यांनी अनुभवली लोकशाही’. या चिमुकल्या दहावीपर्यंतच्या मुली होत्या, त्यांतल्या काहींची उंची माझ्यापेक्षा जास्त. ‘मुख्यमंत्री’ म्हणून दहावी ‘ब’ची एक मुलगी निवडून आली. वडील रिक्षा चालवतात. शिक्षकखोलीत जिचं नाव आधीच ठरलं होतं, ती हुशार मुलगी हरली. तेव्हाच काही जणांचे चेहरे उतरले होते.

निवडून आलेल्यांनी पुढे काय करायचं, याचा विचार कोणीच केला नव्हता. निवडणूक हाच कार्यक्रम होता. फोटो आला, कार्यक्रम संपला. या मुलीला मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी ती एक कागद घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेली. मागे दोन पानं भरून सह्या. मागण्या तीन. मधल्या सुट्टीनंतर स्वच्छतागृहाला कुलूप लागतं, ते लावू नये. किल्ली पुरुष शिपायाकडे असते आणि मागायला मुलींना लाज वाटते. प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा तरी उघडावी. आणि दहावीनंतर विज्ञान शाखेला कसं जायचं, हे सांगायला कोणाला तरी शाळेत बोलवावं, कारण संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात फक्त कला शाखा आहे.

पहिल्या मागणीबद्दल थोडं बोलते. आमच्या मुली सकाळपासून पाणी पीत नसत. वर्गात डोकं दुखतं म्हणून बाक धरून बसत, आणि आम्ही म्हणायचो, नाश्ता करून येत नाहीत. इतक्या वर्षांत एकाही शिक्षिकेनं हा विषय लेखी मांडला नव्हता. मीही नाही. आमच्या स्वच्छतागृहाची किल्ली वेगळी होती.

कागद संस्थेकडे गेला. सेक्रेटरी साहेब आले, दोन विश्वस्त आले, आम्हा शिक्षिकांना बसवलं, मुलीला उभं केलं. पहिला प्रश्न होता, “हे तुला कोणी शिकवलं?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, “कोणी नाही, आम्हीच लिहिलं.” मग अदबीवर अर्धा तास झाला. तिसरी मागणी म्हणजे संस्थेची बदनामी, असं ठरलं. कुलपाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, बहुधा तो विषय पुरुषांसमोर काढणं हेच बेअदबीचं मानलं गेलं. वडिलांना बोलावलं. ते रिक्षा बाहेर उभी करून आले आणि कशाची हे न विचारताच माफी मागून गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली : विद्यार्थी मंडळ बरखास्त. पुढील वर्षापासून मंडळाची निवड गुणवत्तेनुसार होईल.

त्यानंतरच्या सहामाही परीक्षेत मी राज्यशास्त्रात प्रश्न घातला होता, लोकशाहीत चळवळींचं महत्त्व सांगा. त्या मुलीनं उत्तम उत्तर लिहिलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले. एवढंच माझ्यानं झालं.

आता मुद्द्यावर येते. ‘गुणवत्तेनुसार’ हा शब्द आपल्याकडे फार सोज्वळ चेहऱ्यानं वावरतो. शाळेत मॉनिटर कोण? पहिला नंबर आलेली. तिचं काम काय? बाई वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं, वह्या गोळा करणं, खडू आणणं. या कामाला आपण नेतृत्वगुणांचा विकास म्हणतो. मला तर ही मुकादमाची उमेदवारी वाटते. जी वर्गाच्या वतीनं शिक्षकांशी बोलेल ती प्रतिनिधी. जी शिक्षकांच्या वतीनं वर्गावर नजर ठेवते तिला दुसरं नाव आहे. श्रीमंत इंग्रजी शाळांत हेच जरा चकचकीत असतं. हेड गर्ल, हाऊस कॅप्टन, छातीवर बिल्ला, खांद्यावरून रेशमी पट्टा, शपथविधीला पाहुणे. पण त्या हेड गर्लला शाळेच्या वेळापत्रकातला एक तास तरी बदलता येतो का, हे विचारून पाहा.

आणि हे शाळेपुरतं नाही. महाराष्ट्रात कॉलेजांतल्या थेट निवडणुका हिंसाचाराचं कारण देऊन बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं गुणांवरून प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका पुन्हा मान्य केल्या. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून जाहीरही झालं आणि विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. विधानसभेची निवडणूक हे विद्यार्थ्यांची निवडणूक थांबवण्याचं कारण कसं होऊ शकतं, हे मला राज्यशास्त्र शिकवूनही कळलेलं नाही. म्हणजे आमच्या सेक्रेटरी साहेबांनी काही नवा शोध लावला नव्हता. राज्यानं मोठ्या मुलांना जे केलं, ते त्यांनी लहान मुलींना केलं.

अभ्यासक्रमाकडे पाहू. आमच्या पाठ्यपुस्तकांना मी नावं ठेवणार नाही. ती बरी आहेत. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद. दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हानं असे पाच पाठ आहेत. सोळा वर्षांच्या मुलीला याहून योग्य काय शिकवायचं? पण इतिहासाच्या शेपटाला बांधलेला हा विषय चाळीस गुणांच्या पेपरात निम्म्याहूनही कमी जागा घेतो, तो जानेवारीत घाईनं उरकला जातो आणि मुली तो गाईडमधून पाठ करतात. ग्रामसभेवर टीप लिहिणाऱ्या मुलीनं ग्रामसभा पाहिलेली नसते. चळवळींवर दहा ओळी लिहिणारीनं सह्यांचा कागद नेला की काय होतं, ते वर सांगितलंच आहे. २६ जानेवारी २०२० पासून शाळाशाळांत उद्देशिकेचं वाचन सुरू झालं. आमच्याही परिपाठात ती रोज म्हटली जायची. ‘विचार, अभिव्यक्ती’ हे शब्द आले की समोरच्या मुलींचा सूर हमखास चढायचा, कारण तिथे चाल बदलते. अर्थाशी त्याचा संबंध नव्हता.

अभ्यासक्रम सुधारायचा म्हणजे धडे बदलायचे, एवढंच आपल्याला सुचतं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात शेतीचं ज्ञान हवं, आरोग्याचं हवं, आणि प्रशिक्षित शिक्षक हवेत, असं ते सांगत होते. त्यांचा खरा प्रश्न होता की हे शिक्षण कोणासाठी आखलं आहे. जो शिकतो त्याच्या आयुष्याशी त्याचा सांधा आहे का? तो प्रश्न आज कोण विचारतं? मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला. मनुस्मृतीतल्या श्लोकाच्या उल्लेखावरून वाद पेटला, तो पेटायलाच हवा होता. पुढच्या वर्षी १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी आणली, १७ जूनला त्यातले शब्द बदलले, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पक्ष बोलले, साहित्यिक बोलले, पालक बोलले. बरं झालं बोलले. पण हे सगळं नुकतंच शिकून पार पडलेली दहावीची मुलं, ज्यांना तीन भाषांचा भार पाठीवर कसा बसतो हे प्रत्यक्ष ठाऊक आहे, त्यांना कोणी विचारलं? आमच्या शाळेत तो मसुदा एकाही वर्गात वाचला गेला नाही. मीही वाचून दाखवला नाही. पोर्शन राहिला होता.

इथवर आपल्या वाचकांना माझं म्हणणं पटत असेल, कारण दोष सरकारचा आहे. आता पुढचं कदाचित पटणार नाही.

संविधानाचं कलम ३० आम्हा अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देतं. तो अधिकार मला प्राणाइतका प्रिय आहे. तो नसता तर माझ्यासारखीला शिकवायला शाळाच मिळाली नसती. पण या अधिकाराचा आमच्या संस्थांनी काय उपयोग केला ते पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. २०१२ च्या दुरुस्तीनं अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देणारी उरली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रमती प्रकरणात निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही. त्या दिवशी आमच्या संस्थेत पेढे वाटले गेले. रिक्षावाल्या बापाला आणि बुरख्यातल्या आईला शाळेच्या कारभारात जी एक खुर्ची मिळू शकली असती, ती गेली म्हणून पेढे!

कायदा नको होता, ठीक. सरकारचा हस्तक्षेप नको, तेही समजू शकते. पण मग आपण होऊन पालकांची समिती का केली नाही? कोणी अडवलं होतं? सर्वोच्च न्यायालयानंच १९५८ मध्ये, केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना, बजावलं होतं की संस्था चालवण्याचा अधिकार म्हणजे गैरकारभाराचा अधिकार नव्हे. आमच्याकडे कलम ३० चा अर्थ हळूहळू ‘विश्वस्तांचा अधिकार’ असा झाला आहे, आणि विश्वस्त म्हणजे दोन-तीन घरं. कलमात अल्पसंख्याक समाज म्हटलं आहे. दहावी ‘ब’ची मुलगी त्या समाजात मोडते की नाही? ‘आपल्या पसंतीच्या’ या शब्दांत तिची पसंती धरायची की नाही? विज्ञान शाखा तिची पसंती होती.

आणि जिथे कायदा लागू होतो तिथलंही सांगते. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांत सखी सावित्री समिती असायला हवी. तीत विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा दिली आहे. आमच्या शाळेत तिचा फलक दारातच होता, छान रंगवलेला. फलकावर नाव असलेल्या एका मुलीला मी विचारलं, समितीची बैठक कधी झाली? ती म्हणाली, “कोणती समिती?”

आक्षेप मला पाठ आहेत. मुली लहान आहेत, हा पहिला. मतदानाचं वय १९८९ पासून अठरा आहे. दहावीची मुलगी दोन-तीन वर्षांत आमदार निवडणार, तिला कुलपावर मत देण्याइतकी अक्कल नाही? शाळेत राजकारण शिरेल, हा दुसरा. शिरलेलं आहेच. शिक्षकभरतीत आहे, कोणाच्या हस्ते ध्वजारोहण यात आहे, कोणत्या नगरसेवकाचा फोटो स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर यात आहे. फक्त मुलींचं नाही. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे : निवडणुकीत मोहल्ला, बिरादरी, चॉकलेटं चालतात. आमच्या निवडणुकीतही एका उमेदवारानं चॉकलेटं वाटली होती. मग तीच तर शिकवायची संधी होती. ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ त्या दिवशी मी चॉकलेटांवरून शिकवला असता तर आचारसंहिता कशाला लागते, हे समजवायला फळा लागला नसता. आम्ही काय केलं? त्या मुलीला रागावलो आणि चॉकलेटं शिक्षकखोलीत खाल्ली.

राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांत दिवसा शेळ्या राखणारी मुलं १९९० च्या दशकापासून आपली बालसंसद निवडून देत आली आहेत. शाळा नीट चालते का, शिक्षक येतात का, यावर ती लक्ष ठेवतात आणि तक्रार पुढे नेतात. तिथे आभाळ कोसळलं नाही. आमच्या मुलींच्या डोक्यावर तर पक्कं छप्पर आहे.

अदबीचं तेवढं बोलते, कारण ते शस्त्र आमच्यावर फार वापरलं जातं. त्या कागदाची भाषा मी वाचली आहे. ‘मोहतरमा’पासून सुरुवात होती, ‘गुजारिश’ होती, शेवटी ‘आपकी शागिर्दा’. बेअदबी कुठे होती? ती सह्यांत होती. एकटी मुलगी रडत गेली असती तर आम्ही तिला जवळ घेतलं असतं. दोन पानं सह्या घेऊन ताठ उभी राहिली, हे झेपलं नाही. आम्हाला लेकी हव्यात, नागरिक नकोत.

यात फार मोठ्या सुधारणेची वाट पाहायची गरज नाही. सामाजिक शास्त्रांत वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्यांतला गृहपाठ आपण काय देतो? पुस्तकामागचे प्रश्न उतरवून आणा. त्याऐवजी नगरपरिषदेच्या सभेला जाऊन टिपण काढा, शाळेला मिळणारं वेतनेतर अनुदान कशावर खर्च होतं ते विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज लिहून पाहा, विद्यार्थी मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहा, असं देता येतं. हो, इतिवृत्त. माझ्या मते माध्यमिक शाळेत शिकवायची ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती कुठेच शिकवली जात नाही. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, हे ज्याला लिहिता येतं त्याला पुढे कोणी सहज फसवत नाही. मुलींच्या मंडळाची महिन्याला एक बैठक, तिचं लेखी इतिवृत्त, आणि त्यातल्या प्रत्येक मागणीला मुख्याध्यापिकांचं पंधरा दिवसांत लेखी उत्तर. नकार असला तरी कारणासह. मंडळ बरखास्त करायचा अधिकार ज्यांनी निवडलं त्यांनाच. याला पैसे लागत नाहीत. शिपायाची किल्ली सुटीपुरती खुंटीवर लावायलाही लागत नव्हते.

दहावीनंतर ती मुलगी शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात विज्ञान शाखेला गेली, वडिलांनी रिक्षानं बसस्टँडवर सोडून. म्हणजे बाहेरून पाहिलं तर तिचं चांगलंच झालं. बारावीच्या वर्षी ती मला बाजारात भेटली. तिच्या कॉलेजात बससाठी मुलींचा अर्ज फिरत होता. मी विचारलं, तू पुढाकार घेतलास की नाही? ती हसली आणि म्हणाली, “आपा, मी आता कशावर सही करत नाही.”

या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी संस्थेकडे अर्ज दिला आहे. बरखास्तीची ती सूचना मागे घ्या, निवडणूक पुन्हा सुरू करा, आणि त्या तीन मागण्यांना लेखी उत्तर द्या. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. माझ्यासोबतच्या दोन निवृत्त शिक्षिकांनी सही केली, एकीनं नाही केली. तिचा मुलगा संस्थेत नोकरीला आहे, तिला मी दोष देत नाही. माजी विद्यार्थिनींच्या सह्यांसाठी खाली जागा सोडली आहे. चौदा जणींनी केल्या आहेत. तिला मी अजून विचारलेलं नाही.